जिभेला चष्मा

टोकन उलटं धरलं की सहासष्टचे नव्व्याण्णव होतात, एवढं कळायला फार शिक्षण लागत नाही. पण जिचा सगळा दिवस लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावण्यात जातो, तिनेच ते उलटं धरावं, काउंटरवरून दुसऱ्याचा ट्रे उचलावा आणि वर त्यातले चार घासही खाऊन मोकळं व्हावं, याला काय म्हणायचं?

"माफ करा हं," शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "पण तुम्ही बहुतेक माझे नूडल्स खाताय."

चिकीने मान वर केली. कामाचा राखाडी पोशाख, कोपरापर्यंत काळं वंगण, गालावरही त्याच वंगणाचा एक ओघळ... आणि हातात नव्व्याण्णव नंबरचं टोकन.

"नूडल्स? छे! हा पास्ता आहे. मी पास्ताच मागवला होता."

"पास्ता माझ्याकडे आलाय. मी मघापासून नूडल्स समजून खातोय."

दोघांनी एकमेकांच्या ताटल्यांत डोकावून पाहिलं. दोन्हींत तोच लालभडक चिकट रस्सा, त्याच अर्धवट शिजलेल्या भोपळी मिरच्या. एकीतलं लांब होतं, दुसरीतलं आखूड, इतकाच काय तो फरक.

"बदलून घ्यायचं?" त्याने विचारलं.

"कशाला? दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. इथे दोन्हीकडे दगडच आहे."

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. चिकी दिवसभर डोळेच बघायची. तरी हे डोळे तिने जरा जास्त वेळ पाहिले, आणि आपण पाहतोय हे लक्षात आल्यावर घाईघाईने दगड खायला लागली.

चिकी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी ताटात पडलेली प्रत्येक वस्तू ती उलटीपालटी करून बघायची, म्हणून आई तिला चिकित्सक म्हणायची; त्याचं झालं चिकी. आता ती मॉलच्या पहिल्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आईच्या मते मात्र डोळे तपासणं हा तिचा जोडधंदा होता. मुख्य धंदा, नाकाने कांदे सोलणं.

त्याला मॉलमध्ये सगळे जिनेवाला म्हणत. मागच्या बाजूचा सरकता जिना बंद पडला होता, तो दुरुस्त करायला त्याच्या कंपनीने त्याला महिन्याभरासाठी पाठवलं होतं. महिनाभर वरच्या मजल्यावरच्या फूड कोर्टात जेवायचं म्हणजे शिक्षाच. पण शिक्षेला सोबती असला की ती निम्मी होते, हे दोघांच्याही दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, आणि तिसऱ्या दिवसापासून खिडकीजवळचं टेबल त्यांचं झालं.

"बाहेर का नाही जात जेवायला?" त्याने एकदा विचारलं. "इतकी हॉटेलं आहेत. लोक सुचवत असतील ना तुम्हाला?"

"लोक!" चिकीने काटा खाली ठेवला. हा तिचा आवडता विषय. "मी सांगते तुम्हाला. माणूस ओळखायचा असेल ना, तर त्याची पत्रिका बघू नये, त्याला फक्त विचारावं, जेवायला कुठे जाऊ? आमचे दुकानाचे साहेब सांगतात, 'तिथे जा, पार्किंग छान आहे.' मी काय पार्किंग खाऊ? माझी वहिनी सांगते, 'तिथले दिवे फार सुंदर!' तिथे गेल्यावर कळलं, दिवे मंद का ठेवलेत ते. ताटलीतलं दिसू नये म्हणून. आणि माझी मैत्रीण... तिला जिथे नवऱ्याने मागणी घातली ते हॉटेल तिला जगात भारी वाटतं. आता मला तिथे कोण मागणी घालणार होतं? मी नुसता भात खाल्ला. कच्चा."

"म्हणजे सगळे नापास?"

"सगळे. दुरून डोंगर साजरे."

"आणि सगळ्यांत वाईट?"

चिकी खुर्चीत सरसावून बसली. ही गोष्ट तिने दुकानात, घरी, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा सांगितली होती, आणि दर वेळी ती जास्त रंगत गेली होती.

"एक आजोबा आले होते दुकानात. निवृत्त ग्रंथपाल. म्हणाले, 'पोरी, आयुष्यात एकदा तरी तिथलं सूप खा.' डोळ्यांत पाणी! मला वाटलं, सूपाच्या आठवणीने आलं. मागाहून आठवलं, मीच दोन मिनिटांपूर्वी थेंब घातले होते. तर गेले. गल्लीच्या टोकाला हिरवं दार, आत सहा टेबलं, खिडकीत पुदिन्याची कुंडी. सगळं इतकं देखणं की म्हटलं, चला, आज जमलं! पहिला चमचा तोंडात घातला आणि... समुद्र! अख्खा समुद्र, होड्यांसकट!"

तो हसायला एरवी वेळ लावत नसे. आज लावला.

"इतकं खारट?"

"इतकं. मग भात आला, तो ठार अळणी. भाताच्या वाटचं मीठसुद्धा सूपातच गेलं असणार."

"मग तुम्ही... त्या बाईंना सांगितलंत तसं?"

"सोडते होय मी!" चिकी म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास उचलून बराच वेळ पीत राहिली.

काचेच्या छतावर भुरभुर पाऊस पडत होता. तो थोडा वेळ त्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "तुमच्यासारखं तोंडावर खरं बोलणारं माणूस मी पाहिलं नाही." चिकीला ते कौतुक वाटलं आणि दुपारभर पुरलं.

अहो-जाहोचं अरे-तुरे व्हायला एका कोशिंबिरीचं निमित्त झालं. त्याने चमचा तोंडाशी नेला आणि चिकी ओरडली, "अरे, ते नको खाऊस! आंबलंय ते!" चमचा हवेतच राहिला. चिकीचे कान गरम झाले.

"म्हणजे — तुम्ही नका खाऊ," ती पुटपुटली.

"पहिलंच बरं होतं," तो म्हणाला. "तू आपली अरेच म्हण."

त्यानंतर चिकीला दुपारची वाट बघायची सवय लागली. बारा वाजले की तिचं अर्धं लक्ष घड्याळात असायचं. एका काकांना तिने एकच ओळ चार वेळा वाचायला लावली, तेव्हा काका म्हणाले, "पोरी, मला दिसतंय. तुझं काय?" तिने स्वतःशी कबूल करून टाकलं: जडला आहे जीव, आता नाटकं नकोत. पण त्याला? तो ऐकायचा, हसायचा, तिच्या ताटलीतली कच्ची मिरची स्वतःच्या ताटलीत घ्यायचा. बोलायचा मात्र नाही काही.

"काम कुठवर आलं?" ती दर आठवड्याला विचारायची, अगदी सहज विचारल्यासारखं करून.

"आहे अजून थोडं," तो म्हणायचा. महिन्याचा दीड झाला, दोनाकडे झुकला, तरी ते थोडं आपलं थोडंच राहिलं. हल्ली तो हात अगदी स्वच्छ धुऊन यायचा. वंगणाचा ठिपकासुद्धा नाही. माझ्यासाठी एवढं करतो, असं तिला वाटे आणि बरं वाटे.

एकदा त्याने तिला तिच्या कामाचं विचारलं. डोळे अधू झालेत हे माणसाला सांगतेस कसं? म्हातारी माणसं चिडत नाहीत?

"मी सांगतच नाही," चिकी म्हणाली. "सांगितलं की भांडतात. अक्षरं बारीक छापलीत, दिवा कमी आहे, तुमची भिंतच लांब आहे, काय वाट्टेल ते म्हणतात. मी नुसती काच बदलते आणि विचारते, हे बरं की ते? पहिलं की दुसरं? परत, आता? आणि मग एक वेळ अशी येते की ते स्वतःच गप्प होतात. त्यांचं त्यांना कळतं. मी तोवर घाई करत नाही. शेवटी तेच म्हणतात, 'किती दिवसांपासून असेल हो हे?'"

तो तिच्याकडे एकटक बघत राहिला. इतका, की ती गोंधळली.

"सोमवारी तुझी सुट्टी असते ना?" तो एकदम म्हणाला. "माझ्या एका जागी जेवायला येशील? मी आजवर ती कुणालाच सुचवली नाहीये. आणि... तुझ्याशी जरा बोलायचंय. तिथेच."

आता याचा अर्थ काय होतो? चिकीने तो वहिनीला विचारला, मैत्रिणीला विचारला, आरशालाही विचारला. तिघांनीही एकच सांगितला. सोमवारी तिने निळा ड्रेस घातला, काढला, पिवळा घातला, परत निळा घातला. पदार्थ कसाही असो, आज नावं ठेवायची नाहीत, असं तिने स्वतःला बजावलं. आज तो पार्किंग चांगलं आहे म्हणाला असता तरी तिने पार्किंगचं कौतुक केलं असतं.

बसमधून उतरून दोघं एका गल्लीत वळले. तो एरवीपेक्षा भरभर बोलत होता. चिकीचं लक्ष त्याच्या बोलण्यात होतं, म्हणून तिने समोर पाहिलं तेव्हा गल्ली संपली होती.

हिरवं दार. खिडकीत पुदिन्याची कुंडी.

ती जागीच थांबली. "हे... हे तुझं ठिकाण?"

"माझ्या आत्याचं."

होड्यांसकट समुद्र. भाताच्या वाटचं मीठ. तिने हातवारे करून, डोळे फिरवून सांगितलेली एकूण एक गोष्ट तिच्या कानात वाजायला लागली. आणि समोर बसून ती ऐकणारा हा!

"मी ते सूपाचं सांगितलं तेव्हापासून तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? खरंच होतं ते." त्याने दोन्ही हात खिशात घातले. "तिनेच मला वाढवलं. बत्तीस वर्षं ती हे चालवते. लोक लांबून यायचे ग. गेल्या वर्षी तिला ताप आला, महिनाभर अंथरुणात होती. उठली, कामाला लागली, आणि तेव्हापासून मिठाचा काही मेळच नाही. लोक 'छान' म्हणतात आणि परत येत नाहीत. तिला वाटतं, वस्तीच बदलली. मी रोज तिथेच जेवतो रात्री. भरपूर पाणी पितो. पण सांगू कसं? आयुष्यभर तिचं मीठ खाल्लंय, आता तिच्या मिठाबद्दल कोणत्या तोंडाने बोलू?"

"म्हणून मला आणलंस."

"तू खरं बोलतेस. आणि कसं सांगायचं असतं, तेही तुला येतं. मला वाटलं—"

"मला वाटलं होतं, मी जेवायला आलेय." चिकीचा आवाज चिरकला, आणि त्याचा तिला फार राग आला. "कामाला आलेय होय. आधी सांगायचंस ना. मी निळा ड्रेस नसता घातला."

"चिकी, ऐक तरी—"

"बोलायचंय, बोलायचंय म्हणत होतास, ते हेच ना? झालं बोलून?"

ती वळली. दोन पावलं गेलीही असेल. तेवढ्यात हिरवं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक ठेंगणी बाई हात पुसत बाहेर आली.

"अरे, दारात काय उभे राहिलात दोघं? ये ग, ये... अगं बाई! तूच का ती?"

चिकी थिजली.

"ओळखलं की मी! गेल्या वर्षी आली होतीस. एकटी होतीस, कोपऱ्यातल्या टेबलावर. सगळं सूप संपवलंस, वाटी पुसून. मी विचारलं, कसं झालंय, तर माझा हात धरून म्हणालीस, 'फार छान.' लोक हल्ली अर्धं टाकून जातात ग. मी त्या दिवशी याला सांगितलं होतं, आज एका मुलीने माझा दिवस गोड केला."

जिनेवाल्याने चिकीकडे पाहिलं. चिकीने पुदिन्याकडे पाहिलं. एवढी मोठी परीक्षक, सगळ्यांना नापास करणारी! त्या दिवशी ही बाई ओल्या हातांनी, आशेने तिच्यापुढे येऊन उभी राहिली होती आणि चिकीची जीभ वळलीच नव्हती. समुद्र तिने शेवटच्या थेंबापर्यंत गिळला होता. गोष्टीतला हा भाग ती कुणालाच सांगत नसे.

"मीठ तूही खाल्लंयस की," तो हळूच म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्तच."

तिला हसूही आलं आणि रडूही. पण आता जाता येणार नव्हतं. याच्यावरचा राग याच्यापाशी. या बाईला मात्र आपण एक खरं उत्तर देणं लागतो, असं तिला फार आतून वाटलं. ती आत गेली.

सहाही टेबलं रिकामी होती. दुपारचा एक वाजला होता आणि पांढऱ्या स्वच्छ कापडांवर कुणीही बसलं नव्हतं.

"आत्या," चिकी म्हणाली, "मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊ?"

आत भल्या मोठ्या पातेल्यात सूप उकळत होतं. चिकीने चमचाभर चाखलं. गेल्या वर्षीचाच समुद्र. तिने एका वाटीत ते घेतलं, दुसऱ्या वाटीत थोडंसं घेऊन त्यात भरपूर गरम पाणी ओतलं. आत्या गमतीने बघत होती.

"काय चाललंय ग?"

"आमच्या कामातला एक खेळ आहे. डोळे मिटा. हे घ्या पहिलं... आणि हे दुसरं. कुठलं बरं लागतं?"

"पहिलं," आत्या ठामपणे म्हणाली.

चिकीने वाट्यांची जागा बदलली. "आता?"

"आताही पहिलंच. अगं, बत्तीस वर्षं करतेय मी."

जिनेवाला दाराच्या चौकटीला धरून उभा होता. चिकीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने एक वाटी बाजूला ठेवली, तिच्या जागी नुसत्या कोमट पाण्याची ठेवली. तिला घाई नव्हती.

"आता बघा. पहिलं की दुसरं?"

आत्याने पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. परत पहिला. कपाळावर एक आठी उमटली. मिटलेल्या डोळ्यांनीच तिने हात पुढे करून वाटी चाचपली, तिच्यात बोट बुडवलं आणि बोटाला बोट घासून पाहिलं. सूप असतं तर बोटं चिकट झाली असती.

तिने बोट फडक्याला पुसलं.

"हे पाणी आहे," आत्या म्हणाली. "हो ना?"

चिकीने वाटी तिच्या हातात दिली.

आत्याने डोळे उघडले, स्टूल ओढलं आणि बसली. "मला वाटायचं, हल्लीच्या मिठातच दम राहिला नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तापानंतरच असणार. तेव्हापासून सगळं कागदासारखं लागतं. म्हटलं, वय झालं, भूक कमी झाली असेल. आणि मी लोकांना काय काय खायला घातलं ग! तुला... तुला मी काय खायला घातलं?"

"खारट होतं," चिकी म्हणाली. "फार. आणि मी छान म्हणाले, ते माझं चुकलं. तुमचा एक वर्षाचा वेळ गेला त्यात."

आत्याचे डोळे भरून आले. तिने ते पदराने नाही, हातातल्या फडक्याने पुसले, स्वयंपाकघरातली माणसं पुसतात तसे. "मग आता काय, बंद करू?"

"डोळा अधू झाला म्हणून कुणी घर बंद करतं का? चष्मा लावतात."

"जिभेला कुठे चष्मा मिळतो बाई?"

"तुमच्या हाताला सगळं येतंय. फोडणी, चिरणं, शिजवणं, कशात काही खोट नाही. फक्त मीठ अंदाजाने नाही, चमच्याने मोजून घालायचं. आणि वाढण्याआधी कुणीतरी चाखून खरं सांगायचं."

"कोण, हा?" आत्याने भाच्याकडे बोट दाखवलं. "हा तर वर्षभर छान छान म्हणत माझ्या माठाचा तळ दाखवतोय! तरीच म्हटलं याला एवढी तहान कशी लागते. आणि तू? तूही त्याच माळेची."

तिघंही हसली. हसता हसता आत्या पुन्हा थोडी रडली, आणि मग उठली, कारण ती बसून राहणाऱ्यांतली नव्हती. नवं सूप चढलं. मीठ चमच्याने पडलं. चिकीने चाखलं, आणि आत्या पुन्हा तशाच ओल्या हातांनी, तशाच आशेने तिच्यापुढे येऊन उभी राहिली. 'छान' हा शब्द चिकीच्या ओठांवर आला होता. पण ती म्हणाली, "अजून अर्धा चमचा लागेल."

"घाल मग," आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला.

सूपाच्या दोन वाट्या घेऊन आत्याने त्या दोघांना बाहेर बसवलं. चिकीने एक चमचा घेतला आणि तिला त्या ग्रंथपाल आजोबांची मनातल्या मनात माफी मागावी लागली. पण शेजारी बसलेल्याशी ती बोलली नाही. राग होताच.

"काय रे, गप्प का?" आत्याने विचारलं. "घरी तर हिच्याशिवाय दुसरा विषय नसतो. आज चिकी असं म्हणाली, आज चिकीने तसं केलं. म्हणून तर मी म्हटलं, त्या मॉलचं काम संपून तीन आठवडे झाले तरी हा दोन बस बदलून तिकडे जेवायला का जातो!"

चमचा चिकीच्या हातातून वाटीत पडला.

"तीन आठवडे?"

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला काम आहे ग याचं आता, एका इस्पितळाच्या लिफ्टचं. दुपारच्या सुट्टीत धावतपळत जातो," आत्या म्हणाली आणि आपण नको ते बोललो की हवं तेच बोललो, याचा विचार न करता आत निघून गेली.

जिनेवाल्याचे कान लाल झाले होते. चिकी त्याच्या स्वच्छ हातांकडे बघत राहिली.

"दोन बस बदलून," ती म्हणाली, "ते नूडल्स खायला?"

"कधी कधी पास्ताही असायचा."

"त्यांच्यासाठी कुणी रस्तासुद्धा ओलांडणार नाही!"

"नाहीच ओलांडणार." त्याने मान वर केली. "मला आधी माझं बोलायचं होतं ग. पंधरा वेळा तोंडाशी आलं. पण मग वाटलं, मी आधी बोललो आणि तू हो म्हणालीस, तर आत्यापुढे तू खरं बोलणार नाहीस. माझ्यासाठी म्हणून 'छान' म्हणशील. म्हणून म्हटलं, आधी तिचं होऊ दे, मग माझं. तुला दारातच इतकं लागेल हे माझ्या लक्षात आलं नाही. ती चूक माझी."

"मोठीच चूक."

"मोठी. पण तेवढ्यावरून सगळाच नापास करू नकोस. मला तू आवडतेस, चिकी. तुझ्या जिभेसाठी नाही. म्हणजे... जिभेसाठीसुद्धा, पण..." तो अडखळला आणि हताशपणे हसला. "तुझ्यासमोर बसलं की ते जेवण जेवणासारखं लागतं. याहून मोठं काय सांगू?"

खरंच, याहून मोठं काय सांगणार होता तो? ते जेवण चिकीने स्वतः खाल्लं होतं. लोक फुलं देतात, चंद्र-तारे आणतो म्हणतात. हा माणूस तीन आठवडे रोज भर दुपारी, कुणीही सांगितलेलं नसताना, स्वखुशीने त्या फूड कोर्टात जेवला होता! तिचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही.

"तूही मला आवडतोस," ती म्हणाली. आवाज पुन्हा चिरकला, पण या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही. "खूप आवडतोस. का ते विचारू नकोस. कारणं शोधायला बसले की मी खोट काढायला लागते, आणि मला यात एकही काढायची नाहीये."

त्याने टेबलावरून हात पुढे केला. तिने आपला हात त्यात ठेवला.

"अरे, जेवताय ना?" आत्याने आतून विचारलं. "गार होईल सगळं!"

सूप खरोखरच गार होत होतं. दोघांपैकी कुणीही हात सोडून चमचा उचलला नाही.